पहिल्या क्रमांकावर कोणते नाव?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात कामठी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





सत्काराच्या दिवशी उपदेश ऐकण्याची फारशी कोणाची तयारी नसते, हे मी जाणतो. म्हणून उपदेश बाजूला ठेवून एका व्यावहारिक प्रश्नावर बोलतो. दहावीचा किंवा बारावीचा निकाल लागला की थोड्याच दिवसांत आपल्या घरी एक अर्ज भरला जातो. त्या अर्जात कॉलेजांची नावे एकाखाली एक, क्रमाने लिहावयाची असतात. त्यांतील पहिल्या क्रमांकावर कोणते नाव लिहावे, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु त्या एका ओळीवर मुलाची पुढील चार वर्षे आणि बापाची दहा वर्षांची बचत अवलंबून असते.

आपली कामठी १८२१ साली इंग्रजांच्या लष्करी छावणीभोवती वसली. उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी येथे माग मांडले, पुढे घराघरांतून विड्या वळल्या गेल्या, आणि त्याच घरांतून आज मुले-मुली डॉक्टर, इंजिनियर, फार्मासिस्ट होऊ पाहत आहेत. मागच्या पिढीत कॉलेजचा प्रवेश म्हणजे एकेका कॉलेजच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहणे. एके ठिकाणी नकार मिळाला तर माणूस सायकल काढून दुसऱ्या खिडकीवर जात असे. त्रास होता, पण एका खिडकीवर दिलेला अर्ज दुसऱ्या खिडकीचा दरवाजा बंद करीत नव्हता.

आता तसे राहिले नाही. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धत २०२४ पर्यंत मुंबई, पुणे, नाशिक, अमरावती आणि नागपूर ह्या महानगर क्षेत्रांपुरती होती. २०२५-२६ पासून ती सर्व महाराष्ट्रास लागू झाली. म्हणजे कामठीतल्या कॉलेजात अकरावीला जावयाचे असले तरी त्याच संकेतस्थळावरून जावे लागते. ह्या अर्जात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजांची नावे देता येतात. आणि नियम असा होता की, पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घेतलाच पाहिजे. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांचा दरवाजा बंद.

बारावीनंतर इंजिनियरिंगसाठी जी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया आहे, जिला सर्वजण 'कॅप' म्हणतात, तिच्यात हीच गाठ अधिक घट्ट आहे. २०२५-२६ साली तिच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे नाव मिळाले तर जागा आपोआप पक्की झाली. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन नावांपैकी कोणतेही मिळाले तर पक्की, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतेही मिळाले तर पक्की. 'पक्की' ह्याचा अर्थ असा की, तेथे जा, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडा. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो. म्हणून त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका प्रत्येक पालकाने मुलास मोठ्याने वाचावयास सांगून स्वतः ऐकली पाहिजे. तत्त्व मात्र ध्यानात ठेवा. पहिल्या क्रमांकावर लिहिलेले नाव ही तुमची नुसती इच्छा नसते. ते तुम्ही दिलेले वचन असते.

आपल्या समाजात ही गोष्ट समजावून सांगणे अवघड नाही. मुलीसाठी किंवा मुलासाठी आपण पैगाम पाठवितो तो कोठे? जेथून होकार आला तर आपल्याला आनंदाने 'कबूल' म्हणता येईल, तेथेच. होकार आल्यानंतर "आम्ही सहज विचारले होते" असे म्हणणाऱ्या घराची मोहल्ल्यात काय किंमत राहते, हे मी सांगावयास नको. कॉलेजच्या यादीतील पहिले नाव हा असाच पैगाम आहे.

आता ह्या पहिल्या ओळीत आपल्या घरांतून दोन प्रकारच्या चुका होतात. त्या दोन्ही भीतीपोटी किंवा हौसेपोटी होतात; अडाणीपणाने होतात असे मी म्हणणार नाही.

पहिली भीती अशी: "मोठ्या कॉलेजचे नाव वर लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल. त्यापेक्षा मिळण्यासारखे नाव वर लिहा." ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे मुलांनी नीट समजून घ्यावे. संगणक गुणवत्ता यादीतील वरच्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. तुमची पाळी आली की तो तुमची यादी उघडतो. पहिल्या नावाची जागा शिल्लक आहे काय, हे पाहतो. नसेल तर दुसऱ्या नावाकडे जातो, मग तिसऱ्या. आरक्षणाच्या जागांचा हिशेब धरला तरी तत्त्व हेच राहते. दुसऱ्या क्रमांकाचे कॉलेज तुम्हाला "मला दुसरे का लिहिलेस?" असे विचारत नाही. ती जागा तुमच्या गुणांवर ठरते, तुमच्या क्रमावर नव्हे. म्हणून मोठे नाव वर लिहिल्याने खालचे नाव दुरावत नाही.

उलट नुकसान कोठे होते ते पाहा. समजा, एका मुलीला 'अ' कॉलेज मनापासून हवे आहे. परंतु गेल्या वर्षीचे गुण पाहून कोणीतरी तिला घाबरविले आणि तिने 'ब' वर लिहिले, 'अ' खाली. पहिल्या फेरीत तिला 'ब' मिळाले. पहिले नाव मिळाले म्हणजे ती बांधली गेली. पुढे वरची काही मुले आयआयटीत, काही मेडिकलला निघून गेली. 'अ' कॉलेजच्या जागा मोकळ्या झाल्या, आणि दुसऱ्या फेरीत तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला ते 'अ' मिळाले. ही मुलगी गुणांत कमी पडली नव्हती. तिची यादी खरी नव्हती, एवढेच.

ह्या प्रश्नाचा जगातील थोर गणितज्ञांनीही विचार केला आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली ह्या दोघांनी कॉलेज-प्रवेश आणि विवाह जुळविणे ह्या दोन प्रश्नांवर मिळून एक छोटासा निबंध लिहिला. पाहा, पैगामाची उपमा त्यांनाही सुचली होती! विद्यार्थ्यांच्या पसंतीवरून जागांचे वाटप न्याय्यपणे कसे करता येईल, ते त्यांनी दाखविले. पुढे त्या पद्धतीचा अभ्यास करताना सिद्ध झाले की, विद्यार्थ्यांकडून अर्ज येतात अशा त्या मांडणीत खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. चलाखी करून क्रम फिरविणाऱ्याला अधिक काही मिळत नाही. शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्याच विषयातील कामासाठी. आपली कॅप हुबेहूब त्यांची पद्धत नाही. पण एका फेरीपुरता हा निष्कर्ष तिलाही लागू पडतो. खरे लिहिणे हेच येथे शहाणपणाचे आहे.

दुसरी चूक हौसेची. पुण्याच्या किंवा मुंबईच्या नामांकित कॉलेजचे नाव केवळ मोहल्ल्यात सांगावयास बरे म्हणून वर लिहिले जाते. घरात कोणी वसतिगृहाचा खर्च काढलेला नसतो. अम्मीने मुलीला इतक्या दूर पाठविण्यास मनातून होकार दिलेला नसतो. आणि नेमके ते कॉलेज मिळते! मग घरात रडारड, आणि प्रवेश न घेतल्यामुळे पुढील फेऱ्या बंद. दूर जाऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. जेथे ऐपत आणि हिंमत दोन्ही आहेत तेथे जरूर जावे. परंतु जेथे जाणार नाही त्या कॉलेजचे नाव पहिल्या सहांत तर नकोच, यादीतच नको.

मित्रहो, आता आगाऊ पैसे भरण्याच्या प्रश्नाकडे वळतो. कारण कॅपचा अर्ज येण्याच्याही आधी आपल्या दारात दुसराच एक प्रश्न येऊन उभा राहतो.

अनेक अभिमत आणि खाजगी विद्यापीठे आपापल्या प्रवेशपरीक्षा घेतात. त्यांचे निकाल लवकर लागतात, आणि "अमुक तारखेच्या आत इतकी रक्कम भरा, नाहीतर जागा जाईल" असे पत्र येते. त्याशिवाय काही मध्यस्थ एप्रिलपासूनच घरोघर फिरू लागतात. "व्यवस्थापन कोट्यातून जागा काढून देतो, आता पन्नास हजार द्या, नंतर भाव वाढेल" अशी त्यांची भाषा असते. जागा म्हणजे काही इतवारीतला किराणा नव्हे. परंतु घाबरलेल्या बापाला त्या वेळी हे सुचत नाही. मुलाच्या भवितव्यासाठी तो दागिना गहाण ठेवतो, मागाचे भांडवल मोडतो.

नाव आगाऊ बांधून टाकण्याची ही रीत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील अनेक नामवंत कॉलेजांत 'अर्ली डिसिजन' नावाची पद्धत आहे. साधारण नोव्हेंबरच्या आरंभी विद्यार्थी एकाच कॉलेजला अर्ज करतो आणि लिहून देतो की, प्रवेश मिळाला तर मी येथेच येईन. डिसेंबरच्या मध्यास निकाल कळतो. श्रीमंताच्या मुलाला हे सोयीचे पडते. गरिबाच्या मुलाला मात्र चार कॉलेजे किती आर्थिक मदत देतात हे समोरासमोर ठेवून पाहावयाचे असते, आणि आगाऊ बांधून घेतल्यावर ती तुलना करता येत नाही. आगाऊ अर्जाचा फायदा सधनांनाच अधिक होतो, ह्या विचाराने हार्वर्ड आणि प्रिन्स्टन ह्या दोन विद्यापीठांनी २००६ साली आपल्या आगाऊ प्रवेशाच्या पद्धती बंद करण्याचे जाहीर केले होते. हार्वर्डची पद्धत तर विद्यार्थ्याला बांधून घेणारीही नव्हती. २०११ साली दोघांनीही न बांधणाऱ्या स्वरूपात आगाऊ अर्ज पुन्हा सुरू केले. एवढ्या मोठ्या विद्यापीठांनाही हा प्रश्न सोडविताना मागे-पुढे व्हावे लागले. आपण त्यातून घ्यावयाचा धडा असा की, ज्याच्याजवळ पैसा कमी आहे त्याने तुलना करण्याचा आपला हक्क शेवटपर्यंत हातचा सोडू नये.

आणि महाराष्ट्रात तर ह्याला फार ठोस कारण आहे. आपल्याला मिळणाऱ्या बहुतेक सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला बांधलेल्या आहेत.

पहिली सवलत मुलींची. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास ह्या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा 'काढून' घेतली तर ती गेली. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांत गेल्यासही ती मिळत नाही. आपल्यांतील मोमीन, जुलाहा, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. ज्या ओबीसीत नाहीत त्यांना, उत्पन्नाच्या व मालमत्तेच्या अटींत बसत असतील तर, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र घेता येते. तेव्हा घाईने कोट्यात पैसे भरणारा बाप कित्येकदा मुलीच्या फुकट शिक्षणावर पाणी सोडून वर आणखी पैसे देत असतो.

दुसरी सवलत शिक्षण शुल्क माफी योजनेची, जिला मुले 'टीएफडब्ल्यूएस' म्हणतात. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा तिच्यासाठी असतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांचीच आहे, आणि जातीची अट नाही. ह्या जागांचा पर्याय-क्रमांक वेगळा असतो. कॉलेजचे नाव लिहिले म्हणजे तो आपोआप येत नाही. वेगळा लिहावा लागतो. ज्याला परवडणे कठीण आहे त्याने त्याच कॉलेजची ही जागा आधी आणि साधी जागा नंतर लिहावी.

तिसरी गोष्ट अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांची. नागपुरात सदर भागात अंजुमनचे इंजिनियरिंग कॉलेज आहे. अशा संस्थांत आपल्या समाजासाठी निम्म्याच्या आसपास जागा राखलेल्या असतात. पण अर्जात अल्पसंख्याक असल्याची नोंद केली नाही, तर त्या जागांसाठी तुमचा विचारच होत नाही. एक खूण करावयाची राहिली म्हणून जागा गेली, असे आपल्या बाबतीत होता कामा नये.

मग आगाऊ रक्कम कधीच भरू नये काय? असे नाही. काही वेळा ते कॉलेज खरोखरच मुलाच्या पसंतीचे असते. अशा वेळी पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल? चारही वर्षांचे एकूण शुल्क किती? मूळ कागदपत्रे ठेवून घेणार काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे की, संस्थांनी मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत. २०२४-२५ ह्या वर्षासाठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना संपूर्ण शुल्क परत देण्याचे धोरण जाहीर केले होते. दरवर्षीची तारीख पाहून घ्यावी. पावती मिळत नसेल तर एक रुपयाही देऊ नये. जो माणूस पावती देत नाही तो जागाही देत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिले नाव कसे ठरवावे? मला चार कसोट्या योग्य वाटतात.

पहिली कसोटी, विषय आधी आणि इमारत मागून. मुलाला संगणक हवा की स्थापत्य, फार्मसी हवी की शुद्ध विज्ञान, हे आधी ठरवावे. नागपुरात विषयांची वाण नाही. १९६० साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या कॉलेज आज व्हीएनआयटी म्हणून राष्ट्रीय दर्जाची संस्था आहे. तेथे जेईई मेनवरून, जोसा नावाच्या देशव्यापी प्रक्रियेतून प्रवेश होतो आणि निम्म्या जागा महाराष्ट्रातील मुलांसाठी असतात. रसायन तंत्रज्ञानासाठी १९४२ सालची लक्ष्मीनारायण संस्था आहे; ती आता स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. ज्यांच्या देणगीतून ती उभी राहिली ते रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण आपल्या कामठीचेच, हे मुलांनी विसरू नये. शुद्ध विज्ञानासाठी १९०६ पासूनची विज्ञान संस्था आहे, हिस्लॉप कॉलेज आहे, आणि घराजवळ पोरवाल कॉलेज आहे. फार्मसीचे कॉलेज तर कामठीतच आहे.

दुसरी कसोटी, पैसा. आणि तो एका वर्षाचा नव्हे, पूर्ण अभ्यासक्रमाचा. एका कागदावर शुल्क, प्रवास, पुस्तके, परीक्षा आणि वसतिगृह असे रकाने करून चार वर्षांची बेरीज मांडा. शिष्यवृत्ती मिळणार असली तरी रक्कम हाती येण्यास पुष्कळदा उशीर होतो. तेव्हा पहिल्या हप्त्याची सोय स्वतंत्रपणे हवी. कर्ज लागलेच तर सावकाराकडे जाण्यापूर्वी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडे चौकशी करा.

तिसरी कसोटी, रस्ता. नकाशावर नागपूर पंधरा-सोळा किलोमीटर आहे. पण सदरमधील कॉलेज आणि हिंगणा रस्त्यावरील कॉलेज ह्यांत फार अंतर आहे. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो कामठी मार्गावरील ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आली आहे. तेथून सीताबर्डीला गाडी बदलून हिंगणा मार्गावर लोकमान्य नगरपर्यंत जाता येते. मात्र घरापासून ऑटोमोटिव्ह चौक आणि पलीकडे स्टेशनापासून कॉलेजचे फाटक, हे दोन तुकडे राहतातच. नाव लिहिण्यापूर्वी वडिलांनी मुलासह किंवा मुलीसह एक दिवस कॉलेजच्या वेळेला हा प्रवास करून पाहावा. किती वेळ लागला, संध्याकाळी परतताना रस्ता कसा आहे, हे त्या एका दिवसात कळते. मुलींच्या बाबतीत "लांब आहे" एवढ्या दोन शब्दांवर निर्णय होतो. तो निर्णय प्रवास केल्यानंतर झाला तर मला काही म्हणावयाचे नाही. प्रवास न करताच झाला तर तो अन्याय आहे.

चौथी कसोटी, मुलाची तयारी. आपली पुष्कळ मुले उर्दू किंवा मराठी माध्यमातून येतात आणि पुढे विज्ञान एकाएकी इंग्रजीतून शिकावे लागते. अकरावीचे कॉलेज निवडताना हे विशेष पाहावे. वर्ग खरोखर भरतात काय, प्रयोगशाळा उघडी असते काय, अडलेला मुलगा शिक्षकाला भेटू शकतो काय? नावाजलेल्या कॉलेजात नुसते नाव नोंदवून दिवसभर शिकवणीत बसणाऱ्या मुलाची फी दोन ठिकाणी जाते. जवळच्या साध्या कॉलेजात नीट शिकलेला मुलगा पुढे सीईटीत त्याला मागे टाकू शकतो. दहावीनंतर ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याने शासकीय तंत्रनिकेतनाचाही विचार करावा. तीन वर्षांच्या पदविकेनंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. हा आडमार्ग नव्हे. हा सरळ मार्गच आहे.

ह्या चारही कसोट्यांवर जे नाव टिकेल ते पहिले. त्यानंतर दुसरे, तिसरे, त्याच प्रामाणिकपणाने. आणि शेवटी दोन-तीन नावे अशी ठेवा की, गेल्या वर्षीचे गुण पाहता ती मिळण्याचा भरवसा आहे, आणि मिळाली तर मुलगा तेथे खुशीने जाईल. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे शेवटचे गुण सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळतात; त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

बारावीच्या मुलांना एक सूचना. जोसामध्ये मिळालेली जागा धरून ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहावयाची की तेथेच थांबावयाचे, हे 'फ्लोट', 'स्लाइड', 'फ्रीझ' असे सांगून तुम्ही ठरविता. कॅपमध्ये खालच्या क्रमांकाची जागा मिळाली तर तुम्ही ती धरून वाट पाहू शकता. पण वरच्या ठरावीक क्रमांकांत आलात की नियमच तुम्हाला बांधतो. आणि दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. मेडिकलचे नियम ह्याहून वेगळे. एका प्रक्रियेचा नियम दुसरीला लावणे फार महागात पडते.

लवकर करावयाचे काम खरे म्हणजे कागदपत्रांचे आहे. आपण विणकरांची मुले आहोत. ताणा नीट लागल्याशिवाय बाणा चालत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. ओबीसीचे जातप्रमाणपत्र, त्याची वैधता, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास, ही ताण्याची सुते आहेत. वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील, किंवा जुन्या दाखल्यावर जात न लिहिता नुसते 'मुसलमान' लिहिलेले असेल, तर पुरावा शोधण्यात कित्येक महिने जातात. हे काम निकालानंतर नव्हे, मूल अकरावीत असतानाच सुरू करावे. मुदतीत वैधता दिली नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो, आणि मग सारा हिशेब बदलतो. आधार, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक ह्या तिन्हींवर नावाचे एकच स्पेलिंग असावे. मोहम्मद कोठे पूर्ण आणि कोठे आखूड, असे राहू देऊ नका.

आणखी एक विनंती. अर्ज सायबर कॅफेत भरला तरी पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी घरचाच असावा. शेवटच्या रात्री अकरा वाजता, खुर्चीमागे दहाजण उभे असताना, कॅफेवाला विचारतो, "पहिले कोणते टाकू?" त्या क्षणी दिलेले उत्तर म्हणजे निर्णय नव्हे. निर्णय घरी झालेला असावा, कागदावर लिहिलेला असावा, आणि कॅफेत तो केवळ उतरवून घ्यावा.

त्या घरच्या निर्णयात कोण असावे? अब्बांनी पैशाचा हिशेब मांडावा, अम्मीने मनातली शंका बोलून दाखवावी, शिकलेल्या आपाने किंवा मामूंनी नियम वाचावेत. मश्वरा ही आपली चांगली रीत आहे, आणि ज्यांना इस्तिखारा करावयाचा असेल त्यांनी तोही करावा. परंतु शेवटी ज्याला त्या वर्गात बसावयाचे आहे त्याचा शब्द त्यात असलाच पाहिजे. मुलांनीही एक ध्यानात ठेवावे. मित्र जेथे चालला तेथे आपण, ही पसंती नव्हे. आणि वडिलांच्या खिशाकडे न पाहता धरलेला हट्ट हीसुद्धा पसंती नव्हे.

इतके करूनही सर्वांनाच पहिले नाव मिळणार नाही, कारण जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. ज्याला दुसरे, पाचवे किंवा नववे मिळेल त्याने मान खाली घालू नये. यादी जागांची लागते, माणसांची लागत नाही. नवव्या क्रमांकाचे कॉलेज तुम्ही स्वतः, विचार करून, हातांनी लिहिलेले असेल तर तेही तुमचेच आहे. तेथे पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसा.

येत्या काही आठवड्यांत आपल्या शेकडो घरांतून हे अर्ज भरले जातील. संस्थेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, अर्जाच्या दिवसांत रोज संध्याकाळी दोन तास शाळेची एक खोली उघडी ठेवावी. तेथे माहितीपुस्तिका असावी, एक संगणक असावा आणि नियम समजावून सांगणारा एक माणूस असावा. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेले आपले माजी विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. मध्यस्थाला जाणारे पैसे वाचतील, आणि कोणाच्या मुलीची एक खूण राहून जाणार नाही.

आपल्या सर्वांच्या मुलामुलींना अल्लाह नफा देणारे इल्म देवो, आणि त्यांचा निर्णय त्यांना मुबारक ठरो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.